बांध नसलेले शेत : देवबागचे मच्छीमार



दुर्गम गाव म्हणजे काय, हे खानापूर तालुक्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळा लागला की गवाळी, कोंगळा, पास्टोली या जंगलातील गावांची वाट नाल्यांच्या पाण्याने अडते. आजाऱ्याला खांद्यावरून रस्त्याला आणावे लागते. या गावांना जंगलाने वेढले आहे. आज आम्ही पाण्याने वेढलेल्या एका गावाची ओळख करून देणार आहोत. शेतीच्या पानावर मच्छीमारांचे काय काम, असे कोणी विचारील. पण मच्छीमारही आपल्यासारखाच पीक काढणारा माणूस आहे. फरक इतकाच, की त्याच्या शेताला बांध नाही. बांध नसलेले शेत अनेकांनी मिळून कसे राखायचे, हा प्रश्न आज त्याच्यापुढे आहे. आणि त्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर आपल्या ताटातही आहे.

गाव कोठे आहे?

बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ करीत मालवणला जावे. मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. सह्याद्रीतून येणारी कर्ली नदी समुद्राजवळ आल्यावर एकदम समुद्रात शिरत नाही. किनाऱ्याला समांतर वळते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांब, अरुंद जीभ उरली आहे. तीच देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, दक्षिणेला दोहोंचा संगम आणि त्यापलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे. जमिनीने जोडलेली बाजू फक्त उत्तरेची. नकाशात हे बेट नाही. पण राहणाऱ्याला बेटच. माडांच्या सावलीत घरे आहेत. वाळूत विहीर खणली तर गोडे पाणी लागते, पण उपसा जास्त झाला की खारे पाणी आत येते. भात पिकविण्यासारखी जमीन नाही. येथे गाबीत समाजाची वस्ती आहे, तशीच ख्रिस्ती मच्छीमारांचीही. दोघांचेही पोट शेकडो वर्षे एकाच पाण्यावर भरले आहे.

आपले या किनाऱ्याशी नाते जुने आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगाव भागाचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला जात असे. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येत असे. आजही खानापूरच्या बाजारात बांगड्याची टोपली उतरते, तेव्हा तिच्यामागे मालवण, वेंगुर्ले, गोवा किंवा कारवारचा कोणी तरी रात्रभर जागलेला असतो.

रापण : सर्वांचे एक जाळे

या किनाऱ्याची जुनी मासेमारी म्हणजे रापण. एक फार लांब जाळे होडीत भरतात. जाळ्याची एक दोरी किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देतात. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत जाते आणि दुसरी दोरी घेऊन किनाऱ्यावर दुसऱ्या ठिकाणी लागते. मग दोन्ही बाजूंची माणसे जाळे ओढीत ओढीत एकमेकांच्या जवळ येतात. आत सापडतो तो बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, जे काही त्या दिवशी किनाऱ्याजवळ आले असेल ते.

हे जाळे एकट्या कुटुंबाचे नसते. अनेक घरांनी आपापले तुकडे जोडून ते तयार होते. ओढायलाही तीसचाळीस माणसे लागतात. म्हणून रापण चालविणारा संघ असतो आणि मासळीचे वाटे ठरलेले असतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आपल्याकडे भातलावणीला एकमेकांच्या शेतावर जाण्याची जी पद्धत होती, तिच्याशी हे ताडून पाहावे. रापणीला डिझेल लागत नाही. ती खोल पाण्यात जात नाही. किनाऱ्याजवळ जे येईल तेवढेच घेते, बाकीचे समुद्रात राहते. दुसऱ्या गावचा संघ पलीकडच्या वाळूवर ओढीत असतो, त्याच्या हद्दीत शिरायचे नाही, हाही नियम होता. समुद्राला बांध नसला तरी माणसांनी मनात बांध घातले होते.

विसाव्याचे दोन महिने

त्याहून मोठा बांध काळाचा होता. पावसाळ्यात समुद्र खवळतो. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकून ठेवायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात उतरायचे, ही कोकणची रीत. मच्छीमार भीतीने थांबत असे हे खरे, पण त्या थांबण्यात मोठे शहाणपण होते. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ जातींचे मासे पावसाळ्याच्या आगेमागेच अंडी घालतात. नद्यांचे पुराचे पाणी गाळ आणि खतमाती घेऊन समुद्रात उतरते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पिलांना चारा मिळतो. आपल्याकडे पेरणी झाल्यावर शेतात गुरे सोडीत नाहीत, तसेच हे.

यंत्राच्या बोटी आल्यावर समुद्राची भीती उरली नाही आणि रीतही सैल झाली. म्हणून सरकारला कायदा करावा लागला. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते.

ही रीत केवळ आपल्याच किनाऱ्याची नाही. हिंदी महासागराच्या पलीकडे इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश आहे. त्यातील मालुकू बेटांवर ‘सासी’ नावाची परंपरा आहे. सासी घातली की गावाच्या पाण्यातील ठरावीक मासळी, किंवा झाडावरचे नारळसुद्धा, ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणी काढायचे नाहीत. मुदत संपली की सर्व गाव एकदम काढणी करते. राखणीसाठी गावाचेच ‘केवांग’ नावाचे पहारेकरी असतात आणि नियम मोडणाऱ्याला दंड होतो. तेथील पुष्कळ ख्रिस्ती गावांत सासी लावताना व उठविताना प्रभुमंदिरात प्रार्थना होते; मुसलमान गावांत मशिदीत.

त्याच देशात लेम्बाता बेटावर लामालेरा नावाचे कॅथलिक मच्छीमारांचे गाव आहे. जमीन खडकाळ, शेती होत नाही. लोक लाकडी होड्यांतून जातात आणि हाताने भाला मारून देवमासा धरतात. दरवर्षी १ मे रोजी समुद्रकिनारी मिस्सा होते व हंगाम सुरू होतो. मिळालेले मांस ठरलेल्या वाट्यांनी घरोघर जाते. मग स्त्रिया ते वाळवून डोंगरातील शेतकऱ्यांकडे नेतात आणि बदली मका, केळी आणतात. मच्छीमार आणि शेतकरी एकमेकांवर कसे जगतात याचे यापेक्षा सरळ उदाहरण क्वचित सापडेल.

बटव्याची दोरी

आता देवबागच्या अडचणीकडे वळू. १९७० च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी वाढली. पर्ससीन म्हणजे काय? बटव्याच्या तोंडाला नाडी असते, तशी या जाळ्याच्या तळाला कड्यांतून दोरी ओवलेली असते. माशांच्या थव्याभोवती जाळे टाकून दोरी ओढली की बटवा बंद होतो आणि सगळा थवा एका वेळी वर येतो. लहान, मोठा, अंड्यावरचा, सगळा. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ही जाळी आल्यावर थोड्याच वर्षांत तेथील रांपणी जवळजवळ नाहीशी झाली. गोव्यात रांपणकार रस्त्यावर आले. मतानी सालढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली झाला. महाराष्ट्राने असाच कायदा १९८१ साली केला.

कायदा झाला म्हणून तंटा मिटला नाही. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीन मासेमारीला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. त्यानंतर रात्री समुद्रात प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याची नवी युक्ती पसरली. एलईडी दिव्यांच्या या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ साली महाराष्ट्राने आपला कायदा सुधारून दंडाची रक्कम लाखांत नेली. तरीही रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, अशी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तक्रार असते. परप्रांतातील वेगवान ट्रॉलर, त्यांत आपल्या कर्नाटकातलेही, सिंधुदुर्गच्या पाण्यात घुसतात, ही त्यांची दुसरी तक्रार.

मासळी खरेच कमी झाली काय? मासळीला बरीवाईट वर्षे असतात. समुद्राचे तापमान, पाऊस, चारा यांवर ती अवलंबून असते, सगळा दोष जाळ्याला देता येत नाही. पण धोक्याची खूण केरळात सर्वांनी पाहिली. तारली हा तेथील गरिबाचा मासा. २०१२ साली केरळात सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. हवामानाची मार आणि जाळ्याची मार एकदम पडली, की असे होते. दुष्काळाच्या वर्षी ज्याने बियाण्याचे भातही कुटून खाल्ले, त्याला पुढच्या मृगात पेरायला काय उरणार?

वाळू सरकते आहे

देवबागला दुसरा धोका पायाखालचा. वाळूच्या जिभेवर वसलेले गाव. एका बाजूने लाटा खातात, दुसऱ्या बाजूने खाडीचे पाणी. भरतीच्या मोठ्या दिवसांत समुद्राचे पाणी माडांच्या मुळांशी, कधी अंगणात येते. नोव्हेंबर २००९ मधील फयान, ऑक्टोबर २०१९ मधील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनी सिंधुदुर्गचा किनारा झोडपला. होड्या फुटल्या, जाळी वाहून गेली, माड पडले. देवबागच्या किनाऱ्यावर दगडी बंधारे घातले आहेत. बंधारा घर वाचवितो हे खरे. पण जेथे दगड पडले, तेथे रापण ओढायला वाळू उरत नाही. एक इलाज केला की दुसरी अडचण उभी राहते.

पाहुणे आले

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. तारकर्ली–देवबागला पाहुण्यांची रीघ लागली. ज्या घरांत जाळी विणली जात होती, त्यांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. ज्या होडीतून मासे येत होते, ती संगमावरचे वाळूचे बेट आणि डॉल्फिन दाखवायला जाऊ लागली. पाण्याखाली बुडी मारून मासे, प्रवाळ पाहण्याचा स्कूबा डायव्हिंगचा खेळ सुरू झाला. घरातील स्त्रीच्या हातच्या माशाच्या आमटीला रोख पैसा मिळू लागला. मुंबईला किंवा आखाती देशात गेलेला मुलगा गावी परतून धंदा करू लागला, अशीही घरे आहेत. हा लाभ आम्ही लहान मानीत नाही. आपल्या तालुक्यातील तरुण कामासाठी गोवा, पुणे गाठतात, त्यांच्या आईवडिलांना याची किंमत कळेल.

परंतु पाहुणा हेही एक पीकच, आणि ते बेभरवशाचे. २०२० च्या टाळेबंदीत ते एका रात्रीत करपले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर सुरक्षेच्या नियमांची चर्चा झाली. शिवाय मासेमारी सोडून सर्वांनीच खोल्या बांधल्या, तर पाहुण्याच्या ताटातला मासा कोण आणणार? दोन्ही पाय एकाच होडीत ठेवू नयेत, असे शहाणे मच्छीमार मानतात: थोडी मासेमारी, थोडे पाहुणे, थोडे माड.

आणखी वाटाही निघाल्या आहेत. २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात खाडीत खेकडे आणि कालवे वाढविण्याचे शिक्षण देण्यात आले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचतगटाने पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखविण्याचा धंदा उभा केला. कांदळवन म्हणजे खाडीकाठची खारी झाडी. तिच्या मुळांत कोळंबी व माशांची पिले वाढतात आणि वादळात काठ टिकतो. ती तोडून जे मिळते, त्याहून राखून अधिक मिळते, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले.

शेतकऱ्याच्या पंक्तीत मच्छीमार

शेतकऱ्यांना कळावी अशी एक बातमी आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळते तशी सवलत मच्छीमाराला व मत्स्यशेती करणाऱ्याला मिळावी, हा त्याचा हेतू. किसान क्रेडिट कार्ड तर त्याआधीच मच्छीमारांसाठी खुले झाले होते. डिसेंबर २०१८ पासून आणखी एक चांगली योजना आहे: जाळ्यात कासव, देवमुशी असा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळते. दंडाच्या धाकापेक्षा अशा मदतीने माणूस लवकर वळतो.

आपल्या ताटाचा संबंध

आता शेवटचा आणि आपल्या हातातला भाग. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविली. पापलेट १३५ मिलिमीटर आणि सुरमई ३७० मिलिमीटर यांहून लहान पकडू नये, असा हा नियम. पकडणारा पकडतो कशासाठी? घेणारा आहे म्हणून. स्वस्त मिळते म्हणून बोटभर पापलेट आणि वीतभर सुरमई घेणे म्हणजे कोवळे भात कापून गुरांना घालणे होय. तेव्हा पुढील गोष्टी घरोघर पाळाव्यात.

पहिली, लहान जातीचे पण पूर्ण वाढलेले मासे घ्यावेत: बांगडा, तारली, पेडवे. ते स्वस्त असतात. त्यांच्या तेलात हृदयाला हितकर अशी चरबी आणि ड जीवनसत्त्व असते. पेडव्यासारखे मासे काट्यासकट चावून खाल्ले तर चुनाही मिळतो. वाढत्या मुलांना तो हवाच. गरोदर स्त्रियांनी मोठी मोरी टाळून हे लहान मासे खावेत, कारण मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा अधिक साठतो.

दुसरी, ताजेपणा पाहूनच घ्यावा. डोळा स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल, अंग बोटाने दाबले तर खड्डा न राहणारे असावे. बांगडा उन्हात, बर्फाविना राहिला तर त्यात एक विषारी द्रव्य तयार होते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे अशी लक्षणे दिसतात. घाट चढून येणारी मासळी बर्फात आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे. लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

तिसरी, सुकी मासळी दोनतीन पाण्यांत धुऊन मगच शिजवावी व वरून मीठ घालू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी ती क्वचितच खावी.

चौथी, जून-जुलैत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट धरू नये. त्या दोन महिन्यांत तळ्यातील रोहू, कटला किंवा शेततळ्यातील मासे घ्यावेत. ज्यांच्याकडे बारमाही पाण्याचे शेततळे आहे, त्यांनी मत्स्यखात्याकडे बीजाची चौकशी करावी. घरच्यापुरता मासा घरीच होईल.

पाचवी गोष्ट पाण्याची. आपल्या तालुक्यात पडणारा पाऊस दोन दिशांना जातो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते. भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यातून पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. भाताच्या खाचरात टाकलेले जास्तीचे औषध, ओढ्याला फेकलेल्या बाटल्या आणि पिशव्या त्याच वाटेने खाडीत उतरतात, जेथे मासळीची पिले वाढतात. औषधाची फवारणी लेबलवरील प्रमाणातच करावी आणि रिकामे डबे ओढ्यात टाकू नयेत.

देवबागचे पुढे काय होईल, हे एकट्या देवबागवर अवलंबून नाही. ते बोटवाल्यावर, कायदा राबविणाऱ्यावर, वाळूवर येणाऱ्या पाहुण्यावर आणि बाजारात टोपलीपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्यावरही अवलंबून आहे. ज्या शेताला बांध नाही, त्याची राखण त्या शेतातले खाणाऱ्या प्रत्येकाने करायची असते. पुढच्या आठवडी बाजारात टोपलीतला मासा लांबीने पुरा आहे की नाही हे पाहून घ्यावे, आणि विकणाऱ्या बाईला ते उघडपणे सांगावे. तिच्यामार्फत तो निरोप घाटाखाली पोहोचेल.